कोऱ्या कागदावरची बाग

वास्तू पडली तरी तिचे जोते उरते. देऊळ गेले तर पायऱ्या उरतात, वाडा गेला तर एखादी कमान, निदान दगडी उंबरा. बागेचे मात्र तसे काही नसते. पाणी तुटले की दोन उन्हाळ्यांत रोपे जातात, चार पावसाळ्यांत वाफ्यांच्या कडा रानगवतात मिसळतात आणि वीस वर्षांनी तिथे बाग होती हे सांगायला एखादे भलत्याच जागी उभे असलेले परदेशी झाड तेवढे शिल्लक राहते. पुणे शहर याचे उत्तम उदाहरण आहे. तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, मोतीबाग, हिराबाग ही नावे आपण दिवसातून दहा वेळा घेतो आणि त्यांपैकी एकाही नावाने आपल्या डोळ्यांपुढे झाड उभे राहत नाही. तुळशीबाग म्हटले की भांडी आणि टिकल्या आठवतात, रमणबाग म्हटले की शाळा. सारसबागेची गंमत तर उलटीच आहे. तिथे तळे होते, तळ्यात बेट होते, बेटावर गणपती होता; तळे आटवून बाग झाली ती पुष्कळ नंतर.

या बागांत नेमके काय लावलेले होते, याचे उत्तर साहित्याच्या अभ्यासकाला साहित्यात शोधावेसे वाटते. ते तिथे सापडत नाही. आपल्या आख्यानकाव्यांत उद्याने भरपूर आहेत. रघुनाथ पंडितांच्या नल-दमयंती आख्यानातील हंस ज्या उद्यानात नलाच्या हाती लागतो, ते वर्गात शिकवताना प्रत्येक वेळी मला प्रसन्न वाटते. परंतु ती कुठली विशिष्ट बाग नव्हे. ती काव्यातली बाग आहे आणि काव्यातल्या बागेला संस्कृतापासून चालत आलेले नियम आहेत. तिथे आंबा मोहरलेला असतो, त्याच वेळी कदंब फुललेला असतो, जाई-जुई, केतकी आणि कमळे सगळी एकदम बहरात असतात. विद्यार्थी हसतात आणि विचारतात, बाई, वसंतातले आणि वर्षेतले फूल एकाच दिवशी कसे? मी सांगते, ती सुबत्तेची खूण आहे, पंचांग नव्हे.

मराठी मुलखातल्या एका खऱ्याखुऱ्या बागेची खरीखुरी चित्रे आहेत, हे मला फार उशिरा कळले. ती चित्रे पुण्यात नाहीत, मुंबईत नाहीत. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ या नावाने ती ओळखली जातात. दापुरी म्हणजे आपली दापोडी.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल खडकी सोडून नदी ओलांडते आणि दापोडीला थांबते. मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळचे हे गाव. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत कॅप्टन फोर्ड नावाचा इंग्रज अधिकारी पेशव्यांच्या कवायती पलटणीचा मुख्य म्हणून येथे राहत असे. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली तेव्हा हीच पलटण दापोडीहून निघून इंग्रजांना जाऊन मिळाली. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने फोर्डचा बंगला आणि भोवतालची जमीन सरकारसाठी घेतली. पावसाळ्यात गव्हर्नरने राहायचे ठिकाण म्हणून बंगला आणि त्याला लागून १८२८ मध्ये सुरू केलेली वनस्पती-बाग, अशी ती योजना. ऐतिहासिक बाग म्हटले की कारंजी आणि शृंगार डोळ्यांपुढे येतात. ही तशी नव्हती. कंपनी सरकारला औषधे हवी होती. सैन्याच्या दवाखान्यांसाठी विलायतेहून मागवायच्या औषधी वनस्पती इथेच पिकल्या तर पैसा वाचणार होता. परदेशी फळझाडे, इमारती लाकडाची झाडे, व्यापाराला उपयोगी पिके या मातीत रुजतात का, हे पाहायचे होते. बी आणि रोपे वाटायची होती.

१८३८ पासून या बागेची सूत्रे अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे होती. तो आधी दख्खन आणि खानदेशात देवी काढण्याच्या खात्यात होता, म्हणजे गावोगाव हिंडलेला होता. नारायणगावाजवळ हिवरे येथे त्याने औषधी वनस्पतींची दुसरी बाग चालवली. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. या देशातील अशा पदावरचा तो पहिल्यांपैकी एक. कोकणातली आणि घाटावरची जंगले तुटल्याने झरे आटतात, असे तो त्या काळात सरकारला लिहीत होता. हे वाचताना मला त्याच्याविषयी आदर वाटतो आणि दुसऱ्याच क्षणी हेही आठवते, की ज्या राजवटीला सागवान हवे होते तिचाच तो नोकर होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसण्याची घाई मला करवत नाही.

१८४७ ते १८५० या काळात गिब्सनने एका चित्रकाराकडून बागेतल्या आणि काही रानातल्या वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढून घेतली. चित्रकाराचे नाव त्याने नोंदवले नाही. तो ‘पोर्तुगीज’ होता, एवढाच उल्लेख मिळतो. त्या वेळच्या मुंबई इलाख्यात हा शब्द लिस्बनच्या माणसाला जितका लागे, त्याहून जास्त गोव्याच्या किंवा वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती माणसाला लागे. म्हणजे हा मनुष्य बहुधा आपल्यापैकीच होता. कोकणी बोलत असेल, मराठी बोलत असेल. दापोडीच्या बाजारात भाजी घेत असेल.

पुढे १८६५ मध्ये बाग बंद झाली. गव्हर्नरसाठी गणेशखिंडीत नवे भव्य निवासस्थान उभे राहत होते (आज आपण ज्याला विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणतो ते) आणि मग दापोडीचे कौतुक कुणाला उरणार? चित्रे एडिंबऱ्यात राहिली. हेन्री नोल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा कसून अभ्यास केला आणि २००२ मध्ये त्यांच्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माझ्या हाती तो एका ग्रंथालयात आला. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. लॅटिन नावे मला दगडांसारखी वाटतात. तरी त्या दुपारी मी चार तास उठले नाही.

मी पुस्तक उघडले होते ते बाग पाहायला. आणि त्यात बाग नव्हती! नदी नाही, बंगला नाही, वाफा नाही, मोट नाही, माळी नाही. कोरा कागद आणि त्यावर एकेक फांदी. वनस्पतिचित्राची रीतच ती. झाडाला त्याच्या जागेवरून उचलायचे, सावलीही पडू द्यायची नाही आणि पांढऱ्या पोकळीत ठेवायचे. पान मोठे असेल तर ते दुमडून घ्यायचे, एखादे मुद्दाम उलटे दाखवायचे, म्हणजे मागच्या शिरा दिसतात. जमेल तिथे माप खऱ्याइतकेच. काम वेगाने करावे लागते, कारण तोडलेले फूल चित्रकारासाठी थांबत नाही. वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यात आकार राहतो पण रंग उडतो, मांसल देठ चपटा होतो. जे नमुन्यातून निसटते ते चित्राने धरायचे, अशी ही कामाची वाटणी आहे. म्हणून चित्रकाराला स्वतःची लहर बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे ‘लेखनिकाची शिस्त’ म्हणतात त्या जातीचे हे काम आहे. पोथी उतरवणारा स्वतःचा शब्द घालत नाही, आणि तरीही अक्षराच्या वळणावरून तो ओळखू येतो.

याच चित्रांसमोर मला विद्यार्थ्यांचा तो प्रश्न नव्याने आठवला. वनस्पतिचित्रात कळी, उमललेले फूल, कच्चे फळ, पिकलेले फळ आणि बी हे सारे पुष्कळदा एकाच कागदावर असते. झाडाला जे करायला आठ महिने लागतात, ते चित्रात एका दृष्टिक्षेपात घडते. म्हणजे चित्रकाराला एकदा चैत्रात आणि पुन्हा मार्गशीर्षात त्याच झाडापाशी जावे लागते, आणि दोन्ही भेटी एका कागदावर शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. आख्यानकवी आपल्या उद्यानात सगळे ऋतू एकदम आणतो तेव्हा आपण त्याला संकेत म्हणतो, शास्त्रज्ञाचा चित्रकार तेच करतो तेव्हा त्याला अचूकता म्हणतो. कवीला वैभव सांगायचे असते, चित्रकाराला ओळख पटवायची असते. पण वेळ मोडून एकत्र रचण्याची युक्ती दोघांचीही एकच. मला हे साम्य फार आवडले. वर्गात आता मी आख्यान शिकवताना एक वनस्पतिचित्रही दाखवते.

मग बागेची आठवण कशी राहते? एका चित्रात ती राहत नाहीच. ती राहते संचात. एक झाड मेक्सिकोतले, दुसरे ऑस्ट्रेलियातले, तिसरे घाटमाथ्यावरचे. ही झाडे जगात दुसरीकडे कुठेही एकत्र आली नसती; ती एका जागी आली याचे कारण दापोडीची ती जमीन. चित्रे एकामागून एक उलटताना हळूहळू ध्यानात येते, की सर्व कागदांतून जे गाळले आहे तेच त्यांना जोडणारे आहे. शब्दकोशातून एखाद्या बोलीचे गाव दिसावे, तशी बाग दिसू लागते. कोणती झाडे जगली, कोणती फुलण्याइतकी रमली, कुणाला फळ धरले आणि कोण नुसतेच पानांवर राहिले, हे कळते. ही आठवण भावुक नाही, पण भक्कम आहे.

किती भक्कम, याचा दाखला जर्मनीतला आहे. बव्हेरियातील आइश्टेट येथे विलिबाल्ड्सबुर्ग नावाच्या किल्ल्यावर तिथल्या धर्मसत्ताधीश बिशपने, योहान कोनराड फोन गेमिंगेन याने, सोळाव्या शतकाच्या अखेरीस तटावर बाग उभारायला घेतली. न्यूरेंबर्गचा औषधविक्रेता बाझिलियस बेस्लर याच्याकडे तिचे चित्रग्रंथ करण्याचे काम सोपवले. बागेतली फुले खोक्यांत भरून न्यूरेंबर्गला पाठवली जात आणि तिथे चित्रकार ती काढत. १६१३ मध्ये ‘हॉर्टस आइश्टेटेन्सिस’ प्रसिद्ध झाला: ३६७ चित्रपत्रे, हजारांहून अधिक वनस्पती आणि रचना ऋतूंनुसार. बिशप मात्र १६१२ मध्येच वारला होता. त्याला ग्रंथ पाहायला मिळाला नाही. वीस-एकवीस वर्षांतच तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने किल्ला घेतला आणि बाग उद्ध्वस्त झाली. साडेतीन शतके ती केवळ पुस्तकात होती. १९९८ मध्ये त्याच किल्ल्याच्या एका बुरुजावर त्या ग्रंथाच्या आधारे नवी बाग लोकांसाठी खुली झाली, त्यातल्या झाडांनी. ग्रंथाचे ऋतू तिथे वाफ्यांचे ऋतू झाले आहेत. मूळ बाग ती नव्हेच. पण संहितेवरून प्रयोग पुन्हा उभा करावा, तितका तिचा मूळ बागेशी संबंध आहे.

कोलकात्याचीही गोष्ट आठवते. तिथल्या वनस्पती-उद्यानाचा अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग याने भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक चित्रे करवून घेतली होती. १८६४ च्या वादळाने त्या उद्यानातली असंख्य झाडे उन्मळून पडली. कागद टिकले.

दापोडीच्या बाबतीत आइश्टेटसारखे काही होईल, असे मला वाटत नाही, आणि व्हावेच असेही नाही. कारखाने, वस्त्या, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आता डोक्यावरून जाणारी मेट्रो एवढ्या दाटीत तिथे बागेला जागा कुठली? आणि मुळात कोणाची बाग पुन्हा उभी करायची? माझे एक सहकारी, इतिहासाचे प्राध्यापक, हा प्रश्न फार तिखटपणे विचारतात. त्यांच्या मते ही चित्रे म्हणजे कंपनीच्या कोठारातल्या मालाची सचित्र यादी. आपल्या जमिनीत, आपल्या माळ्यांच्या घामावर, आपल्या चित्रकाराच्या हातून झालेली यादी परदेशात गेली आणि आता आपण तिच्याकडे कलाकृती म्हणून डोळे भरून पाहतो. त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. माळ्यांविषयी चित्रे एक अक्षर सांगत नाहीत, हे खरेच आहे. ज्याने ऑक्टोबरच्या उन्हात कलमाला सावली केली, त्याच्याखेरीज ते फूल चित्रापर्यंत पोचले नसते. तरीही यादी म्हणून तिची किंमत कमी होते असे मला वाटत नाही. आपल्याकडे पेशवे दप्तराचे रुमाल हेही हिशेबाचेच कागद आहेत. आणि त्यांतूनच आपण माणसे शोधतो.

मला बोचते ती वेगळी गोष्ट. नावे. पुण्यातच पन्नास-साठ वर्षे आधी गंगाराम तांबट नावाचा चित्रकार होऊन गेला. रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी तो चित्रे काढी. १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा रेखाटला. गंगारामाचे नाव राहिले, म्हणून आज त्याच्याविषयी बोलता येते. मद्रासेत रॉबर्ट वाइटकडे रंगय्या आणि गोविंदू हे चित्रकार होते. वाइटने त्यांची नावे छापली. इतकेच नव्हे, तर एका ऑर्किडच्या प्रजातीला गोविंदूचे नाव दिले. पुढे ती प्रजाती आधीच दुसऱ्या नावाने नोंदलेली निघाली आणि गोविंदूचे नाव शास्त्राच्या वापरातून गेले. पण निदान ते दिले गेले होते! त्याही आधी, १६७८ मध्ये, ‘हॉर्टस मलबारिकस’च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा वैद्यांचे प्रशस्तिपत्र नागरी लिपीत, कोंकणी भाषेत छापले गेले. दापोडीच्या चित्रकाराला मात्र जातीवाचक विशेषणाखेरीज काही मिळाले नाही. सुमारे १७० चित्रे, तीनेक वर्षांचे काम आणि कागदाच्या कोपऱ्यातही सही नाही.

झाडांच्या नावांचेही असेच काहीसे झाले. गिब्सनचा सहलेखक निकोल डाल्झेल (दोघांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये निघाला) याने घाटातल्या एका काटेरी वेलीचा अभ्यास केला. लालकेशरी फुलांचे लांब तुरे येणारी ही वेल. आपण तिला वाकेरी किंवा वागाटी म्हणतो. डाल्झेलने तिच्या प्रजातीला लॅटिन वळणाचे नाव दिले ते ‘वागाटिया’. मराठी शब्द असा थेट शास्त्राच्या पोथीत गेला. पण नामकरणाच्या नियमानुसार जे नाव आधीचे ते खरे. १७६३ मधले ‘मौलावा’ हे नाव आधीचे ठरले आणि वागाटिया पर्यायी नावांच्या यादीत जाऊन बसली. यात कुणाचा दुष्टावा नाही. नियम चांगला आहे, त्याने गोंधळ टळतो. तरी मराठी शिकवणाऱ्या माणसाला हळहळ वाटायची ती वाटतेच. शास्त्राने सोडला म्हणून शब्द मरत नाही. आपण वापरला नाही तर मात्र मरतो.

दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मधले. ते वाचताना आज वर्गात अडखळायला होते ते शैलीमुळे नाही. बाई झाडाचे नाव घेतात आणि समोरच्या साठ मुलांपैकी चौघांच्या डोळ्यांपुढे ते झाड येते. उरलेल्यांना तो अलंकार वाटतो. पुस्तक शब्दाशब्दाने शाबूत आहे आणि त्यातले रान वाचकाच्या मनातून निघून गेले आहे. आख्यानकाव्यातली बाग मुळात कल्पनेतली होती; दुर्गाबाईंची झाडे खरी होती, पण आपल्या अज्ञानाने तीही काल्पनिक होऊ घातली आहेत. अशा वेळी चित्राचे काम शब्दाला करता येत नाही, हे भाषेच्या शिक्षकाने मान्य करावे. शंभर वाक्यांनी जे झाड ओळखता येणार नाही ते एका नीट काढलेल्या फांदीने येते.

मुंबईत शिवडीला ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. तिची देखरेख करणारा जॉन ग्रॅहॅम टपालखात्यातला अधिकारी. मुंबईच्या वनस्पतींची त्याची सूची १८३९ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, छापली गेली. १८६५ मध्ये त्या बागेची जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली गेली. तोवर भायखळ्याची नवी बाग सुरू झाली होती, जिला आपण राणीची बाग म्हणतो. ती १८६२ पासून आजतागायत टिकली आहे. अलीकडच्या काळात तिच्या रूपाला धोका वाटला तेव्हा नागरिकांनी हट्टाने तिथल्या झाडांच्या नोंदी केल्या, हे मला फार मोलाचे वाटते. पुण्यात गणेशखिंडीच्या वनस्पती-उद्यानाला २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाला हे चांगलेच. पण तिथल्या एखाद्या जुन्या झाडापुढे दिवसभर बसून, पुन्हा फळांच्या वेळी येऊन, त्याची फांदी कागदावर उतरवणारे किती जण असतील?

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या मुलांना मी निबंधाऐवजी आमच्या महाविद्यालयाच्या आवारातली झाडे दिली. प्रत्येकाने एक झाड घ्यायचे, त्याचे मराठी नाव शोधायचे आणि जमेल तसे चित्र काढायचे, खाली स्वतःची सही करायची. चित्रे बहुतेक बेताचीच आली. एका मुलीने काढलेला बहावा तेवढा खरोखर झाड वाटतो. एकूण एकतीस झाडे झाली. त्यांपैकी सव्वीस नावे मुलांनी घरच्यांना, शिपाईकाकांना आणि समोरच्या रोपवाटिकेत विचारून आणली. दोन नावे वनस्पतिशास्त्राच्या विभागाने सांगितली, पण ती लॅटिनमध्ये. तीन कागदांवर नावाची जागा अजून कोरी आहे. त्यांपैकी एक झाड ग्रंथालयाच्या भिंतीला अगदी लागून आहे आणि भिंत वाढवायचे घाटत आहे. या फाल्गुनात ते फुलले की त्या मुलाला पुन्हा पाठवायचे ठरवले आहे, कारण पहिल्या चित्रात नुसती पाने आहेत.